अकरावीचे विषय : कोणते दार उघडते, कोणते लागते?

(दहावीच्या निकालानंतर एका तालुक्याच्या गावी विद्यार्थी व पालक यांच्या सभेत झालेले भाषण.)



निकाल लागला. पेढे वाटून झाले. आता घरोघर एकच प्रश्न चालू आहे, की पोराला कुठे घालायचे? या प्रश्नावर चार गोष्टी सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत. आम्ही कोणी मोठे पंडित नव्हे. परंतु जी ठेच आम्हांस लागली ती तुमच्या मुलांना लागू नये, एवढ्याच हेतूने बोलावयाचे आहे.

आधी आमचीच गोष्ट सांगतो. दहावीस आम्हांस गणितात बरे गुण होते. पाटाच्या कडेला वाढलेले पोर. पाटबंधारे खात्यात इंजिनियर व्हावे असे मनात होते. विज्ञान शाखेत नाव घातले. विषयांचा कागद भरताना खिडकीमागचे कारकून म्हणाले, "गणित कशाला घेतोस? अवघड जाते. त्याऐवजी भूगोल घे, मार्क पडतात." आम्ही भूगोलावर खूण केली. वडील बाहेर लिंबाखाली बसले होते. त्यांना विचारले असते तरी ते बिचारे काय सांगणार? दोन वर्षांनी इंजिनियरिंगच्या अर्जाची माहिती वाचली, तेव्हा कळले की बारावीस गणित नसेल तर त्या दारातून आत जाताच येत नाही. भूगोलात मार्क पडले होते, दार मात्र लागले होते. त्या कारकुनांचे मन वाईट नव्हते. त्यांनी मार्क पाहिले, आमची वाट पाहिली नाही. आणि आम्हीही विचारले नाही, हा दोष आमचा.

आता ती खिडकी राहिली नाही. 2025 सालापासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाईन झाले. पण खिडकीमागचा सल्लागार नाहीसा झाला नाही. तो आता सेवा केंद्रातल्या संगणकापुढे बसला आहे. मागे पन्नास माणसांची रांग, आणि हा विचारतो, "सायन्स टाकू का?" आपण म्हणतो, "टाका, शेजाऱ्याच्यानेही तेच टाकले."

मंडळी, आपण शेतकरी माणसे. पेरणीपूर्वी आपण काय करतो? जमीन काळी की मुरमाड ते पाहतो, विहिरीला पाणी किती ते पाहतो, बाजारात काय खपेल याचा अदमास घेतो. शेजाऱ्याने ऊस लावला म्हणून कोरडवाहू रानात कोणी ऊस लावीत नाही. मग जे शहाणपण आपण एका हंगामाच्या पिकासाठी वापरतो, ते मुलाच्या जन्माच्या पिकासाठी का वापरू नये?

विषय निवडण्याचा हक्क ही लहानसहान गोष्ट नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असता त्यांना संस्कृत घ्यावयाचे होते. अस्पृश्य म्हणून तो विषय त्यांना मिळाला नाही, आणि फारशी घ्यावी लागली. पुढे त्यांनी आपल्या कष्टाने संस्कृताचा अभ्यास केला, ही गोष्ट निराळी. त्या काळी दार दुसऱ्याने लावले होते. आज कायद्याने कोणी कोणास अडवीत नाही. असे असता आपण अज्ञानाने आपल्याच हाताने कडी घालावी, यापरते दुर्दैव ते कोणते?

म्हणून कोणते दार कशाने लागते हे नीट ऐका, आणि जमल्यास लिहून घ्या.

डॉक्टर व्हावयाचे तर पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हे तिन्ही विषय लागतात, आणि नीट ही परीक्षा द्यावी लागते. जीवशास्त्र सोडले की ही वाट बंद. बारावीनंतर ते जादा विषय म्हणून देऊन नीटला बसण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2023 साली दिली खरी. पण ती आडवाट आहे, हमरस्ता नव्हे. बी.एस्सी. नर्सिंगलाही हे विषय लागतात. मात्र जी.एन.एम. हा परिचारिकेचा अभ्यासक्रम कला वा वाणिज्य शाखेच्या मुलीलाही मोकळा आहे. इंजिनियर होण्यास पदार्थविज्ञान व गणित हवे. औषधनिर्माणशास्त्राला पदार्थविज्ञान व रसायन, आणि जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणतीही शाखा चालते. परंतु नौदल व हवाई दल यांसाठी पदार्थविज्ञान, रसायन व गणित लागते.

आणि हे तर विशेष ध्यानात ठेवा, की कृषी पदवीला आपल्या राज्यात विज्ञान शाखा लागते. जन्मभर शेतात राबणाऱ्याचे पोर कलेला गेले, तर बारावीनंतर शेतकी कॉलेजचे दार त्याला लागलेले दिसते. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे खेड्यातल्या शाळांत शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे अशी मागणी केली होती. शेतीचे मोठे शास्त्र शिकण्याची सोय आज आहे, आणि ती कोणत्या वाटेने मिळते हेच शेतकऱ्याच्या घरी ठाऊक नाही!

आता कला व वाणिज्य. या शाखा म्हणजे नापासांचा कोंडवाडा, असा जो समज पसरला आहे तो साफ खोटा आहे. वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या मुलास खुला आहे. सनदी लेखापालाची पहिली परीक्षा कोणत्याही शाखेतून बारावी होऊन देता येते. राज्यसेवेस व केंद्राच्या नागरी सेवेस कोणतीही पदवी चालते. ज्याला इतिहास, राज्यशास्त्र, भाषा यांची गोडी आहे, त्याला बळेच रसायनाच्या घाण्याला जुंपण्यात काय अर्थ? तरीही एक गोष्ट सांगतो : गणित सोडताना दहादा विचार करा. वाणिज्य शाखेत ते ऐच्छिक असते, आणि पुष्कळ मुले त्याऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेतात. कलेच्या मुलालाही गणित घेता येते. कॉलेजात ते शिकविले जाते की नाही, एवढे विचारावे. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र या पुढच्या वाटांवर गणित लागते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र विशेष विषय घेऊन बी.ए. करावयाचे तर बारावीचे गणित मागतात.

अकरावी ही एकच वाट आहे असेही नव्हे. ज्याचा हात यंत्रावर चालतो, त्याने दहावीनंतर आय.टी.आय. किंवा तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका पाहावी. पदविकेनंतर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. यात कमीपणा कसला?

आता मुलींविषयी. आमच्या पाहण्यात असे आले आहे, की मुलाची शाखा त्याचे मार्क पाहून ठरते आणि मुलीची शाखा एस.टी.चा थांबा पाहून ठरते. "जवळ कलेचे कॉलेज आहे, जाईल आणि येईल." मायबाप हो, 2021 सालापासून संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुली देऊ लागल्या. 2024 साली आपल्या सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. पैशाचा अडसर निघाला. पण जिला अकरावीतच भलत्या वाटेला लावले, ती त्या माफीपर्यंत पोहोचणार कशी? थांबा दूर असेल तर वसतिगृह शोधा. मुलीची वाट एस.टी.च्या वेळापत्रकावर ठरवू नका.

मग निवड करावी कशी? आम्ही चार प्रश्न देतो. पहिला : कोणत्या विषयाचे पुस्तक मुलगा किंवा मुलगी न सांगता उघडते? येथे एक सावधगिरी ठेवा. मास्तर आवडतात म्हणून विषय आवडतो असे पुष्कळदा वाटते. दुसरा : पाच वर्षांनी जेथे जावयाचे, तेथल्या प्रवेशाला कोणते विषय मागतात? तेथून मागे मोजत या. तिसरा : घरची ऐपत काय, कॉलेज किती दूर, आणि पुस्तके कोणत्या भाषेत? मराठी शाळेतून आलेल्या मुलाला विज्ञान एकदम इंग्रजीत वाचावे लागते. पहिले सहा महिने ते अडखळते, आणि घरचे म्हणतात याला डोके नाही. डोके असते, सवय नसते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, हेही सांगून ठेवतो. चौथा : ही वाट फसली तर दुसरी कोणती?

आणि ज्या मुलाचे मन अजून ठरले नाही, त्याला हिणवू नका. सोळाव्या वर्षी किती जणांचे ठरलेले असते? अशाने विज्ञानात जावयाचे व ओझे पेलवत असेल तर गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवावे. विज्ञानातून कलेकडे पुढे वळता येते. कलेतून विज्ञानाकडे वळणे फार कठीण. परंतु एवढ्यावरून सर्वांनी विज्ञानात घुसावे असे मात्र समजू नका. बी पेरलेल्या रानात न उगवण्यापेक्षा आपल्या रानात उगवलेले बरे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांच्या भिंती मोडण्याची भाषा आहे. त्या मोडतील तेव्हा आम्हांस आनंदच होईल. पण प्रवेशाचे नियम विषय मागत आहेत तोवर त्यांच्याकडे डोळेझाक परवडणार नाही.

शेवटी एक विनंती. या गावात पदवीधर आहेत, शिक्षक आहेत, नोकरीतून परतलेले आहेत. दर साली निकालानंतर तीन संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसा, आणि येईल त्या पोराचा कागद त्याच्या आईबापांसमक्ष वाचून द्या. यास पैसा लागत नाही. आम्ही स्वतः उद्या संध्याकाळपासून बसणार आहोत. आमच्या वेळी लिंबाखाली बसलेल्या बापाला कोणी आत बोलाविले नाही. तुमच्या वेळी त्याला आत बोलवा, आणि पोराच्या शेजारी बसवा.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.