परसातला वसंत



सभा-मोर्च्यांत वय गेलेल्या आम्हांला वसंत पन्नाशीनंतर दिसला, तोही गडबला आमच्याच परसात. शेवग्याच्या डहाळीला शिंजिराच्या मादीने कोळ्याच्या जाळ्यांनी घरटे विणले. छायाचित्र स्वच्छ यावे म्हणून आम्ही आडवी येणारी फांदी तोडली. घरट्यावर ऊन आले. मादी परतली नाही. ते छायाचित्र आजही पाहवत नाही.

१९३० साली नोकरी गेलेले सालिम अली आपल्याच जिल्ह्यात, किहीमला, सुगरणीची घरटी न्याहाळीत बसले. नर घरटे अर्धे बांधतो. मादीने पसंत केले तरच पुरे करतो, हे त्यांनी धीराने टिपले.

कामगाराला फुरसत हवी, हे आम्ही आयुष्यभर मागितले. ती कशी वापरावी, हे एका रित्या घरट्याने शिकवले. दुरून पाहा, फांदीला हात लावू नका.