शाळेचा हिशेब आपण मागायचा



दोन पिकं बुडाली की आपल्यातलं एखादं घर उठतं आणि घाटकोपर, मुलुंडच्या झोपडपट्टीत जाऊन पडतं. पोरं तिथं महानगरपालिकेच्या शाळेत बसतात. इथली शाळा जिल्हा परिषदेची. कायदा मात्र दोन्हीकडे एकच, २००९ चा शिक्षण हक्काचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला.

त्याच्या २१ व्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या जागा बायांच्या. शाळा नीट चालते का पाहायचं, विकास आराखडा करायचा आणि आलेलं अनुदान कुठं गेलं ते तपासायचं. हे शेवटचं आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस घातला की आपण डोळ्यात तेल घालून बघतो. शाळेच्या खर्चाच्या कागदावर मात्र न वाचता अंगठा देतो!

आराखड्यात पुढचा पट आणि लागणारे शिक्षक मांडायचे. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेतच, असं कायदा म्हणतो. आपण मागितलंच नाही, तर सरकार आपणहून कशाला देईल?

खासगी अनुदानित शाळेतली समिती २०१२ च्या दुरुस्तीनंतर फक्त सल्ला देऊ शकते. आपल्या शाळेत तसं नाही.

अंधेरीतल्या आईची रोजी बुडते, इथल्या बाईची वेचणी. तेव्हा बैठक दिवेलागणीला घ्यायची, हा ठराव आधी करून घ्या. आणि मागच्या ठरावांची वही वाचायला मागा.