निकाल पोरांचा लावता, शाळेचा कोण लावणार?

(सांताक्रूझ येथील बैठकीत आपल्या एका तरुण साथीने केलेले भाषण)



इथून जवळच, कलिन्याला, मुंबई विद्यापीठ आहे. तिथवर आपली पोरं का पोचत नाहीत? ते चौथीतच ठरतं.

मी बारावी शिकलो, माझी बहीण चौथी. ती माझ्याहून हुशार, पाढे तिनंच मला शिकवले. पण पाड्यावरची शाळा चौथीपर्यंत. गुरुजी एक, खोली एक, इयत्ता चार. पुढची शाळा जंगल ओलांडून. घरच्यांनी मला धाडलं, तिला नाही. ही चूक आपलीही आहे.

वर साहेब म्हणतात, आदिवासी पोरांचा निकाल कमी. एकाला बैलजोडी दिली, दुसऱ्याला नुसती कुदळ दिली, आन् पीक एकाच मापानं मोजता होय?

गावाचं सोडा, मुंबईतच बघा. महानगरपालिका आठ भाषांत शाळा चालवते, तमिळ, तेलुगू, कन्नडसुद्धा. चांगलंच आहे. पण आरेत आन् बोरिवलीच्या जंगलात आपले वारली पाडे आहेत. त्या आठांत वारली नाही. पहिलीतलं पोर बोली वेगळी म्हणून गप्प बसतं, आन् त्याला मंद ठरवतात.

1882 साली जोतिबा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे हेच मांडलं: तिजोरीत पैसा रयतेच्या कष्टाचा, शिक्षणाचा लाभ मात्र वरच्यांना.

मग करायचं काय? वनहक्काच्या दाव्यासाठी जमीन मोजली, तशी आता शाळा मोजा. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो: प्राथमिक शाळेत 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक. प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली. पिण्याचं पाणी. मुला-मुलींना वेगळे संडास. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक, आन् निम्म्या बाया. बायांनो, नुसता अंगठा देऊ नका. हिशेब वाचून घ्या, मगच सही.

"जागा वनखात्याची, खोली बांधता येत नाही," असं म्हणतील. तेव्हा वनहक्क कायद्याचं कलम 3(2) पुढे ठेवा. ग्रामसभेची शिफारस असेल, जागा एक हेक्टरहून कमी असेल, आन् हेक्टरी 75 हून जास्त झाडं तोडावी लागणार नसतील, तर सरकारी कामाला वनजमीन देता येते. त्या यादीत पहिलं नाव शाळेचं आहे.

येत्या ग्रामसभेत दाव्यांच्या विषयाबरोबर शाळेचाही ठराव घ्या. माझ्या बहिणीची पोरगी आता तिसरीत आहे. दोन वर्षांनी तिचं नाव पाचवीच्या पटावर हवं.

जिंदाबाद!