खांदेरीचा दिवा आणि चार्टची तारीख



जुने नकाशे जमवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एकाला जमीन प्यारी, दुसऱ्याला पाणी. मी पाण्यावाल्यांतला, त्यामुळे थोडा पक्षपात होणार हे आधीच सांगून टाकतो.

जमिनीचे नकाशे पुष्कळ टिकले. ते अ‍ॅटलासमध्ये बांधले जात आणि कुणा सरदाराच्या नाहीतर मठाच्या कपाटात दोन-तीन शतकं सुखानं पडून राहत. सागरी नकाशाच्या, म्हणजे चार्टच्या, नशिबी हे सुख नव्हतं. तो जहाजावर जायचा. खारी हवा खायची, टेबलावर पसरायचं, अंगावर पेन्सिलीच्या रेघा ओढून घ्यायच्या आणि पुन्हा खोडून घ्यायच्या. नवी आवृत्ती आली की जुना रद्दीत, कारण चुकीचा चार्ट जवळ बाळगणं म्हणजे खडकाला आमंत्रण. म्हणून कप्तानानं खरोखर वापरलेला जुना चार्ट हाती लागणं कठीण.

त्यात गुप्तता. डच ईस्ट इंडिया कंपनी आपल्या जहाजांना हातानं काढलेले नकाशे द्यायची आणि सफर संपली की परत मागून घ्यायची. आशियाच्या समुद्राचे हे चार्ट छापून बाजारात आले ते थेट १७५३ साली, अ‍ॅमस्टरडॅमच्या फान क्यूलेन घराण्याच्या ग्रंथाच्या सहाव्या भागात. पोर्तुगीजही तितकेच सावध, पण त्यांच्या भिंतीला भोकं पडली. १५०२ साली कांतिनो नावाच्या हस्तकानं लिस्बनमध्ये बारा सोन्याची नाणी मोजून जगाचा एक नकाशा मिळवला आणि इटलीत फेराराच्या ड्यूककडे पोचवला. आपला पश्चिम किनारा त्यावर ओळखू येतो. पुढे १८५९ च्या दंगलीत हा नकाशा मोदेना शहरातून नाहीसा झाला आणि नंतर सापडला तो तिथल्याच एका खाटकाच्या दुकानात. आज तो मोदेनाच्या एस्तेन्से ग्रंथालयात आहे.

दुसरं भोक पडलं गोव्यातच. यान हाउखेन फान लिन्स्खोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला. पाच-सहा वर्षं त्यानं कान आणि डोळे उघडे ठेवले आणि मायदेशी जाऊन पोर्तुगीजांचे सागरी मार्ग छापून टाकले. त्याच्या १५९६ च्या ग्रंथात गोवा शहराचा मोठा घडीचा नकाशा आहे. तो पाहिलात तर चिटणीस नेमताना माणूस किती पारखून घ्यावा, हे पटेल.

पण एवढे मोठे मासे आपल्या गळाला लागायचे नाहीत. हौशी माणसाला मिळण्यासारखा, आणि माझ्या मते जास्त बोलका, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश अ‍ॅडमिरल्टीचा चार्ट. मुंबई बंदराचा घ्या. जमीन जवळजवळ कोरी. गावं, रस्ते, शेतं यांच्याशी खलाशाला कर्तव्य नाही. किनाऱ्यावरचं त्याला हवं ते एवढंच: समुद्रातून दिसणारा डोंगर, देवळाचा कळस, किल्ल्याचा बुरूज. पाणी मात्र आकड्यांनी खच्चून भरलेलं. प्रत्येक आकडा म्हणजे मोजलेली खोली आणि शेजारी तळाची जात सांगणारं बारीक इंग्रजी अक्षर: चिखल, वाळू, शिंपले की खडक. दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाच्या बुडाला चरबी फासायची आणि ते तळाला टेकवायचं. वर ओढलं की चरबीला जे चिकटलं असेल ते नोंदवायचं. नांगर धरेल की घसरेल, हे त्यावरून कळे.

आता खाली दक्षिणेला या. अलिबागजवळच्या थळसमोर दोन बेटं दिसतील, केनरी आणि हेनरी. म्हणजे आपली खांदेरी-उंदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीला तटबंदी घालायला घेतली आणि इंग्रजांची झोप उडवली, तीच ही. त्या बेटावर दीपगृह झालं १८६७ मध्ये. कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकावर प्रॉन्ग्जचं दीपगृह आलं १८७५ मध्ये. समजा, विक्रेता सांगतोय की चार्ट १८६० चा आहे आणि प्रॉन्ग्जच्या जागी पिवळ्या-तांबड्या रंगाचा ठिपका चमकतोय. मग हा कागद १८७५ च्या आधीचा कसा असेल?

विक्रेता लबाडच असतो असं नाही. चार्ट तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला असे. काही बदललं की पत्रा मागून ठोकून तेवढा भाग सपाट करायचे आणि नवी खूण कोरायचे. पहिल्या प्रकाशनाची तारीख तळाशी मध्ये तशीच राही. दुरुस्त्यांच्या तारखा बारीक अक्षरांत खाली डाव्या कोपऱ्यात. तो कोपरा आधी वाचा, किंमत मग विचारा. काही संग्राहकांना अशी उशिराची प्रत नको असते. मला तीच हवी असते. कप्तानानं शाईनं घातलेली एखादी दुरुस्ती वर मिळाली, तर चार पैसे जास्त द्यायलाही मी तयार असतो.

नकली ओळखायचं सोपं साधन म्हणजे भिंग. तांब्याच्या पत्र्यावरून केलेल्या छपाईत रेघ सलग आणि किंचित उठावदार असते, शिवाय चौकटीबाहेर पत्र्याच्या दाबाची खूण उमटलेली असते. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ते अलीकडचं पुनर्मुद्रण. भिंतीवर लावायला छान, संग्रहात घ्यायला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या छंदाच्या लोकांना कडू लागते. सुटे मिळणारे बहुतेक जुने नकाशे कुठल्यातरी ग्रंथातून फाडलेले असतात. २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरीचं पातं जमिनीवर पडलेलं दिसलं आणि एक नावाजलेला अमेरिकन नकाशाविक्रेता पकडला गेला. पुढे त्यानं ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली. गिऱ्हाइकांनी ‘हा आला कुठून?’ एवढं विचारलं असतं, तर इतकी मजल गेली नसती. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांपुढच्या वस्तू परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाहीत, तेही ध्यानात असू द्या.

बंदरात, गोदीत किंवा बोटीवर नोकरी केलेल्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत गुंडाळीत असा एखादा कागद असेल, तर त्याला सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको. चुरगळलेला असला तरी इस्त्री फिरवू नका. दमट हवेपासून आणि उन्हापासून दूर, सैल गुंडाळून ठेवा. आणि कुणाला दाखवायला न्यायच्या आधी तो खाली डावीकडचा कोपरा तेवढा स्वतः वाचून घ्या.