नाटक कोणाचे, मुभा कोणाला?

(भिलाई येथे मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत दिलेले भाषण)



आपल्या नाट्यशाखेने मला आधीच प्रश्न कळवला होता. एखादे गाजलेले नाटक घेऊन, त्यात फेरफार करून आपण खासगीकरणावर प्रयोग केला, तर कॉपीराइटचा कायदा आड येतो का?

हा प्रश्न भिलाईत निघावा हे मला आवडले. हबीब तन्वीर यांचे 'चरणदास चोर' तुम्हांला ठाऊक आहेच. ते जगभर गाजण्यापूर्वी त्याचा कच्चा प्रयोग याच भिलाईच्या मोकळ्या मैदानावर, सतनामी प्रेक्षकांपुढे झाला होता. गोष्ट मूळ राजस्थानची. विजयदान देथांनी ती लोकांकडून ऐकून लिहिली, रायपूरच्या हबीबजींनी ती छत्तीसगडी बोलीत आणि नाचाच्या अंगाने उभी केली, श्याम बेनेगलांनी १९७५ साली तिचा चित्रपट केला. एका चोराची गोष्ट अशी हातोहात गेली. प्रत्येकाने घेतले आणि प्रत्येकाने स्वतःचे काही घातले.

कायदाही इथवर आडवा येत नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क त्याचा व त्याच्या वारसांचा. पण हा हक्क लिहिलेल्या संहितेवर असतो, कल्पनेवर नाही. 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच सांगितले. प्रांतवादावर नाटक लिहिले म्हणून प्रांतवाद हा विषय कोणाच्या मालकीचा होत नाही.

आता आपल्या कामाचे कलम, ५२ वे. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता नाटक केले, तर तो कॉपीराइटचा भंग नाही. म्हणजे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये किंवा यार्डाबाहेरच्या मैदानात फुकट प्रयोग खुशाल करा. तिकीट लावले किंवा देणगी प्रवेशिका छापल्या की ही मुभा संपली. मात्र उत्पन्न धार्मिक संस्थेला जाणार असेल, तर कायद्याची हरकत नाही! देवळाच्या सभामंडपासाठी तिकीट लावून नाटक करता येते. बडतर्फ साथीच्या घरी चूल पेटावी म्हणून तेच नाटक तिकिटावर केले, तर ते विनापरवाना ठरते. देवळाला माझा विरोध नाही. पण ही मुभा देणाऱ्यांना कामगारांचा सहायता निधी आठवला नाही, हे बोलायलाच हवे.

फेरफाराचा भाग थोडा अवघड आहे. फुकट प्रयोगाची मुभा प्रयोगापुरतीच आहे, संहिता बदलायची नाही. मूळ कृतीची विकृती करून आपली बदनामी केली, अशी तक्रार लेखक करू शकतो. पण त्याच ५२ व्या कलमात टीका व समीक्षेसाठी रास्त वापराची तरतूद आहे, आणि ती किती ताणता येते हे केरळात दिसले. तोप्पिल भासी यांचे 'निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की', म्हणजे 'तुम्ही मला कम्युनिस्ट केलेत', हे १९५२ चे प्रचंड गाजलेले नाटक. सिव्हिक चंद्रन यांनी त्याला उत्तर म्हणून दुसरे नाटक लिहिले. त्यात भासींचीच पात्रे व संवाद घेऊन विचारले, की चळवळीत ज्यांनी सोसले त्या दलित शेतमजुरांना काय मिळाले? वारस कोर्टात गेले. १९९६ साली उच्च न्यायालयाने चंद्रन यांच्या बाजूने कौल दिला. किती घेतले, कशासाठी घेतले, आणि मूळ नाटकाचा प्रेक्षक त्यामुळे तुटतो का, हे कोर्टाने पाहिले. टीकेसाठी घेतले होते, म्हणून ते चालले. खासगीकरणावर बोलायचे आणि केवळ टाळ्यांसाठी गाजलेले संवाद उचलायचे, तर हा बचाव लंगडा पडेल. तेव्हा आपले आपणच लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि जिथे मानधन लागू आहे तिथे ते बुडवू नका. ओव्हरटाइमच्या एका तासासाठी आपण प्रशासनाशी भांडतो. लेखकाचे मानधन हीही मजुरीच आहे.

कलावंताचेही तसेच. महाभारत कोणाच्याच मालकीचे नाही. पण भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या, २०१९ साली पद्मविभूषण मिळालेल्या तीजनबाईंनी सादर केलेली पंडवानी ही त्यांची स्वतःची. कलावंताला आपल्या सादरीकरणावर वेगळा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला. कायद्यातील कलावंतांच्या यादीत गारुडी आहे, डोंबारी आहे आणि भाषण करणाराही आहे. तेव्हा मागे मोबाइल धरून बसलेल्या साथींनी जपून!

मात्र कॉपीराइटमधून सुटलो म्हणजे बोलायला मोकळे झालो असे समजू नका. २००९ साली हबीबजी गेले, आणि त्याच वर्षी काही सतनामी मंडळींच्या आक्षेपावरून छत्तीसगड सरकारने 'चरणदास चोर'च्या पुस्तकावर बंदी घातली. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे 'बुलेटिन' आपल्या या अंकासारखेच, सभासदांपुरते निघणारे. १९९४ साली त्यात वसंत दत्तात्रय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता छापली, आणि संपादक देवीदास तुळजापूरकर यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांनी बिनशर्त माफी मागितली होती. तरी ते सुटले २०१५ साली, सर्वोच्च न्यायालयात. कवीवरचा खटला मात्र न्यायालयाने रद्द केला नाही. एका कवितेपायी संघटनेच्या कार्यकर्त्याची वीस वर्षे कोर्टात गेली. छापण्यापूर्वी वकिलाला दाखवा, एवढेच मी म्हणेन. छापूच नका, असे म्हणणार नाही.

आजच्या सभेने एक ठराव करावा अशी माझी सूचना आहे. कलम ५२ मध्ये धार्मिक संस्थेबरोबर नोंदणीकृत कामगार संघटनेचा सहायता निधीही घालावा, अशी मागणी महासंघाने केंद्र सरकारकडे लावून धरावी. तोवर निधीसाठी प्रयोग करायचा असेल, तर लेखकाला स्पीड पोस्टने पत्र पाठवून आधी परवानगी घ्या. आपल्यात टपाल खात्याचे इतके साथी बसले आहेत, पोचपावती कशी जपायची हे त्यांना विचारा.