ऑपरेशननंतरची वेदना आणि आपल्या माता-भगिनी



आरोग्याच्या विषयावर दोन शब्द बोलावेत, अशी संस्थेने आम्हाला आज्ञा केली. आम्ही डॉक्टर नाही, बँकेत कारकुनी करणारे कला शाखेचे पदवीधर आहोत. तरीही हा विषय निवडला, कारण या बाबतीत आमच्याच घरात एक चूक घडली. ती तुमच्या घरात घडू नये, एवढाच आमचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या वहिनींचे पिशवीचे, म्हणजे गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या रात्री त्या पदर तोंडात धरून पडून होत्या. सिस्टरने "दुखतंय का?" म्हणून विचारले, तर त्या "नाही" म्हणाल्या. ते इंजेक्शन अफूचे असते, त्याची सवय लागते, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. शिवाय पंचशील घेतलेल्या बाईने नशेचे औषध कसे घ्यावे, हीही शंका मनात होती. आम्ही शिकलेली माणसे शेजारी बसून होतो, पण गप्प राहिलो. दुखते म्हणून त्या खोकल्या नाहीत, कुशीवर वळल्या नाहीत, उठून चालल्या नाहीत. छातीत कफ साठला, ताप आला आणि दवाखान्यातला मुक्काम वाढला.

बंधू-भगिनींनो, पाचवे शील प्रमादाला कारण होणाऱ्या मद्यपानापासून दूर राहायला सांगते. आजारी माणसाने वैद्याच्या सल्ल्याने औषध घेणे ही वेगळी गोष्ट आहे. विनयपिटकातील महावग्गात भिक्खूंसाठी औषधांचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्याच ग्रंथात आजारी, मळलेल्या अवस्थेत एकाकी पडलेल्या भिक्खूला स्वतः तथागतांनी आनंदाच्या मदतीने आंघोळ घातल्याची कथा आहे. तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्तही दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा आणि दुसरा त्या वेदनेने मनात उठणाऱ्या दुःखाचा. आमच्या वहिनींना भीतीचा आणि संकोचाचा दुसरा बाण आम्हीच लागू दिला आणि पहिल्या बाणावरचा उपायही अडवून धरला.

आता याची दुसरी बाजू पाहू. अफूवर्गातील औषधांची भीती अगदीच निराधार नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून ही औषधे सढळ हाताने लिहून दिली गेली. पुढे त्यात बेकायदा मालाची भर पडली आणि एकट्या २०२२ साली तिथे या वर्गातील पदार्थांच्या अतिसेवनाने ८० हजारांहून अधिक माणसे मेली. आपल्याकडे नेमके उलटे झाले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील किचकट परवान्यांमुळे कर्करोगाच्या रुग्णालाही मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट थोडी मोकळी झाली. ट्रामाडोल हे औषध मात्र गैरवापरामुळे २०१८ मध्ये याच कायद्याखाली आणावे लागले.

एका टोकाला अतिरेक आणि दुसऱ्या टोकाला उपेक्षा. मग मध्यम मार्ग कोणता? केलेट आणि डाल या डॅनिश डॉक्टरांनी १९९३ साली एक विचार मांडला. एकाच जालीम औषधावर विसंबू नये. वेगवेगळ्या रीतीने काम करणारी औषधे थोड्या थोड्या प्रमाणात एकत्र वापरावीत. त्यामुळे वेदना आटोक्यात राहते आणि अफूवर्गातील औषध कमी लागते. आज जगभर स्त्रियांच्या ऑपरेशननंतर ही पद्धत वापरली जाते. पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारे औषध दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायचे. जखमेच्या जागी किंवा पोटाच्या स्नायूंत बधिरतेचे इंजेक्शन द्यायचे. एवढ्यानेही भागले नाही तर मॉर्फिनसारखे औषध थोड्या मात्रेत, थोडे दिवस. त्या औषधाने बद्धकोष्ठ होते, मळमळते, गुंगी येते. म्हणून ते गरजेपुरतेच. पण गरज असेल तेव्हा ते नाकारू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन-चार दिवस घेतलेल्या औषधाने व्यसन लागण्याचा धोका फार कमी असतो.

विद्यार्थी मित्रहो, इथे तुमचे काम आहे. आई, काकू किंवा आजी दवाखान्यात असेल तर वहीत औषधाचे नाव आणि वेळ लिहा. सर्दीच्या व अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, म्हणून एकावर एक गोळ्या होऊ देऊ नका. मोठ्या माणसालाही दिवसात ४ ग्रॅमच्या वर ते चालत नाही आणि अशक्त किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईला त्याहूनही कमी द्यावे लागते. मूत्रपिंडाचा आजार किंवा पोटात अल्सर असेल तर सुजेच्या गोळीपूर्वी डॉक्टरांना सांगा. खोकताना पोटावर उशी दाबून धरायला शिकवा. डॉक्टरांनी परवानगी दिली की हात धरून चालवा. ताप, जास्त रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, पोटरीला सूज किंवा कमी होण्याऐवजी वाढत जाणारे दुखणे दिसले तर लगेच दवाखाना गाठा.

पण सर्वांत महत्त्वाचे औषध केमिस्टच्या दुकानात मिळत नाही. ते म्हणजे विश्रांती. पिशवीच्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचे नसते. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या उसात दर हंगामाला बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. कोपीत राहणारी, पहाटे फडात उतरणारी, डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढणारी ती बाई सहा आठवडे कुठून आणणार? मुकादमाची उचल डोक्यावर असते आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील या प्रश्नावर २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणून वेदनेच्या आधीचा प्रश्नही विचारला पाहिजे : हे ऑपरेशन खरोखर गरजेचे आहे का? दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणे हा अविश्वास नव्हे, तो आपला हक्क आहे. आपल्या आदिवासी पट्ट्यात चिखलात वाकून भातलावणी करणाऱ्या भगिनींनाही हेच लागू आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रीला प्रसूतिकाळात विश्रांती व भत्ता देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिला. स्त्रीच्या विश्रांतीची जबाबदारी तिच्या एकटीची नाही, हा त्याचा अर्थ. आपल्या जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत धान्य व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. कष्टकऱ्यांच्या संघटनांमधून धम्मकार्य उभे राहिले, ते याच मातीत. आम्ही सुचवतो की आपल्या संस्थेनेही एक लहानसा विश्रांती निधी सुरू करावा. ऑपरेशन झालेल्या भगिनीच्या घरी सहा आठवडे धान्य पोहोचावे, पाणी भरायला दोन तरुण जावेत. निधीचा हिशेब ठेवण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

आणि घरातल्या पुरुषांना एक विनंती. "दुखतंय का?" असे एकदा विचारून थांबू नका. "किती दुखतंय, उठता येतंय का, खोकता येतंय का?" असे विचारा आणि उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. त्या रात्री आम्ही ते केले नाही, याची खंत आजही आहे.