अर्धा भरलेला फॉर्म जातो कुठे?

आजचा विषय जरा वेगळा आहे. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली आता कॉम्प्युटर शिकताहेत. कुणी शेगावला इंजिनिअरिंग करते, कुणी बुलढाण्याला बीसीए, कुणी पार पुण्याला गेली. या पोरी उद्या मोबाईलची ॲपं लिहिणार. त्यांनी काय शिकावं, हे आपण कशाला बोलायचं? कारण ती ॲपं वापरायची आपल्यालाच आहेत.

बैठक झाली की गटाची सचिव मोबाईलवर माहिती भरायला बसते. बचत, कर्जाचे हप्ते, व्याज. सात जणींचं भरून झालं आणि फोन वाजला. बोलून परत ॲप उघडावं, तर पान कोरं! "ताई, अर्धं भरलं होतं, फोन आला अन् सारं गेलं," हे मी वरचेवर ऐकते. बाया म्हणतात, आमच्याच हातून काहीतरी दबलं असेल. नाही हो. तुमचं काही चुकलेलं नसतं.

मोबाईलमध्ये दोन जागा असतात. एक धान्याची कोठी, एक स्वयंपाकाचा ओटा. कोठी म्हणजे स्टोरेज. फोटो, गाणी, ॲपं तिथं राहतात, मोबाईल बंद केला तरी राहतात. ओटा म्हणजे रॅम. काम होतं ते ओट्यावर. ॲप उघडलं की त्याचं सामान कोठीतून ओट्यावर येतं, आणि मोबाईल बंद झाला की ओटा पुसून लख्ख. दुकानदार 32 जीबी, 64 जीबी सांगतो ती बहुधा कोठी. ओटा किती हे वेगळं विचारावं लागतं. स्वस्तातल्या फोनमध्ये तो 2-3 जीबीचा असतो. 2017 साली आलेल्या जिओफोनमध्ये तर 512 एमबी, म्हणजे अर्धाच जीबी होता.

ओटा एकच आणि स्वयंपाकाला उभ्या दहा जणी. कुणाला किती जागा, कुणी आता बाजूला व्हायचं, हे ठरवायला कारभारीण लागते. तिचं नाव ऑपरेटिंग सिस्टीम. आपल्या बहुतेक फोनमध्ये ती अँड्रॉइड असते आणि तिचा गाभा आहे लिनक्स. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं 1991 साली तो लिहायला घेतला. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकनं परम 8000 हा महासंगणक तयार केला. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, हे जाता जाता सांगते.

ही कारभारीण ओट्याचे छोटे छोटे तुकडे पाडते. बहुतेक फोनमध्ये एक तुकडा 4 केबीचा असतो. 2 जीबीच्या ओट्यात असे 5 लाखांवर तुकडे होतात. कोणता तुकडा कुणाकडे, याची ती वही ठेवते. त्या वहीमुळेच एखाद्या गेमला बँकेच्या ॲपच्या तुकड्यात हात घालता येत नाही. पण जागा कमी पडली की समोर नसलेलं ॲप ती न विचारता उचलून ठेवते. फोन आला तेव्हा हेच झालं. सात जणींचे आकडे ओट्यावर होते, कोठीत पोचलेच नव्हते. यात कारभारणीचाही दोष नाही. एकेका सभासदाची नोंद झाली की लगेच कोठीत टाकायची, एवढं ॲप लिहिणाऱ्यानं करायला हवं होतं. त्याच्या हातात 12 जीबीचा फोन असेल, तर आपली अडचण त्याला दिसतच नाही.

दुसरी गोष्ट भांड्यांची. गटाची भांडी आपण लग्नाकार्याला भाड्यानं देतो. सी भाषेत प्रोग्राम लिहिताना मेमरी अशीच मागून घ्यावी लागते आणि काम झालं की परत करावी लागते. परत केलीच नाही, तर गंज, पराती एकेक करत अडकून पडतात आणि शेवटी द्यायला भांडंच उरत नाही. याला मेमरी लीक म्हणतात. सकाळी बरा चालणारा प्रोग्राम संध्याकाळपर्यंत रखडायला लागतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. जावा, कोटलिनसारख्या भाषांत भांडी गोळा करणारी बाई ठेवलेली असते, पण वहीत कुणाचं नाव तसंच राहिलं, तर तीही ते भांडं आणत नाही. याहून वाईट म्हणजे परत केलेल्या भांड्यातूनच वाढत राहणं. तोवर ते दुसऱ्या घरी गेलेलं असतं! हॅकर अशाच फटी शोधतात. मायक्रोसॉफ्टनं 2019 साली सांगितलं होतं, की त्यांना दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या चुकांपैकी सुमारे 70 टक्के मेमरीच्या असतात.

कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय असतोच. पण पुष्कळ पोरी व्याख्या पाठ करून पेपर देतात आणि मोकळ्या होतात. मला विचाराल तर त्यांनी निदान सहा महिने सी भाषेत हात काळे करावेत. मेमरी स्वतः मागावी, स्वतः परत करावी, आणि आपला प्रोग्राम आईच्या जुन्या फोनवर चालवून पाहावा.

पोरगी सुट्टीत घरी आली की एक करायला सांगा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स असतात. त्यात 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' नावाचं बटण आहे. ते चालू केलं की समोरचं पान सोडताक्षणी कारभारीण ते मोडून टाकते. मग पोरीनं स्वतः लिहिलेल्या ॲपमध्ये फॉर्म अर्धा भरावा, बाहेर जावं, परत यावं. आकडे जागेवर दिसले तर ठीक, नाहीतर पुन्हा लिहायला बसावं. आणि ते बटण आठवणीनं बंद करायला सांगा, नाहीतर तुमचीच बाकीची ॲपं त्रास देतील.